पिशवी, कात्री आणि मास्तर: कॅन्सरच्या ऑपरेशननंतर घरच्या वयस्क माणसाचं मन सांभाळताना

“हे काय कापलंस?”

ऑपरेशन करून घरी आल्यावर आमच्या ह्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं धड वाक्य ते. तोवर नऊ दिवस ‘हं’, ‘नको’ आणि ‘बघ तुला काय करायचं ते’ एवढ्यावर संसार चालला होता. मी पलंगाच्या कडेला बसून, पोटावर चिकटवायच्या शौचाच्या पिशवीच्या चकतीला भोक पाडत होते. गोल कापायचं ते बटाट्यासारखं झालं. बेचाळीस वर्षं वाईत लोकांचे सदरे-पायजमे बेतलेला माणूस शेजारी उताणा पडून ते बघत होता. शेवटी राहवेना, तेव्हा हात पुढे केला. “आण इकडे.”

मुलानं पुण्याहून रोज फोनवर दिलेला धीर, माझे नवस, शेजारणीचा अंगारा, ह्या सगळ्यांनी जे झालं नव्हतं ते त्या वाकड्या भोकानं झालं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाला धीर कमी द्यावा आणि काम जास्त द्यावं. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. काज-बटण आणि हातशिलाई करणारी 66 वर्षांची बाई आहे. पण ज्यांच्या घरी आत्ता कुणी असं टाके घालून येऊन पडलंय, त्यांना आमच्या चुका तरी उपयोगी पडाव्यात.

सगळी वाई ह्यांना मास्तर म्हणते, मीही इथे तेच म्हणते. मास्तर तेव्हा 71 वर्षांचे. रक्त जायचं ते मूळव्याध समजून वर्षभर मलमावर काढलं. तपासणीत गुदाशयाचा कॅन्सर निघाला. आधी पंचवीस वेळा लाइट, म्हणजे रेडिएशन, दिले आणि 2024 च्या आषाढात, एकादशीच्या पाच दिवस आधी पुण्याला ऑपरेशन झालं. गाठ अगदी खाली होती, म्हणून शौचाची मूळ जागा कायमची शिवून टाकली आणि पोटावर डावीकडे आतड्याचं तोंड काढून दिलं. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी. तुमच्या घरी कदाचित स्तनाचं, तोंडाचं, नाहीतर गर्भाशयाचं ऑपरेशन असेल. जागा बदलते, पण माणूस आरशाकडे पाठ करून बसतो ते बहुतेक घरांत सारखंच.

आधी कुजबुज बंद करा

मुलाचं म्हणणं होतं, “बाबांना कॅन्सर म्हणू नका, गाठ म्हणा.” पंधरा दिवस आम्ही तसं केलं. फोन आला की मी स्वयंपाकघरात जायची आणि मिक्सर लावून बोलायची. एका संध्याकाळी मास्तर म्हणाले, “एवढं काय वाटतेस गं दिवसभर? चटणी तर ताटात दिसत नाही.” त्यांना सगळं ठाऊक होतं. आमच्यासाठी ते नाटक करत होते, त्यांच्यासाठी आम्ही.

काय करायचं ते सांगते. सांगू की नको याची घरच्यांनी आपसात बैठक घेऊ नका. त्यांनाच विचारा, “तुम्हाला सगळं ऐकायचंय, की बेतापुरतं?” माझ्या थोरल्या जावेनं तिच्या वेळेला स्वच्छ सांगितलं होतं की मला आकडे सांगू नका, पुढं काय करायचं तेवढं सांगा. तेही बरोबरच. डॉक्टरांकडे गेलात की पुढची खुर्ची पेशंटला द्या. डॉक्टर मुलाकडे बघून बोलायला लागले तर, “त्यांच्याकडे बघून सांगा ना, ऐकू नीट येतं त्यांना,” असं म्हणायला लाजू नका. मी म्हटलं. डॉक्टर हसले आणि त्यांनी खुर्ची वळवली.

खर्चही लपवू नका. मी मास्तरांना निम्मा आकडा सांगितला होता. त्यांना बिल सापडलं कुठं, तर कपाटात साडीच्या घडीत. त्यांना राग खर्चाचा आला नाही. “मी आता हिशेबातला राहिलो नाही का?” हे वाक्य मला अजून टोचतं. दुसऱ्या दिवशी वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. औषधांचा, पिशव्यांचा, गाडीभाड्याचा हिशेब तेव्हापासून तेच लिहितात.

दवाखान्यातली तिसरी रात्र

हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी एवढी घाबरले नसते. तिसऱ्या रात्री मास्तर उठून बसले आणि लघवीची नळी ओढायला लागले. “गिऱ्हाईक थांबलंय, दिवाळी तोंडावर आलीय, पायजमा झाला का?” मला ओळखेनात. मला वाटलं, डोक्यात गेलं सगळं.

वय झालेल्या माणसांना मोठ्या ऑपरेशननंतर असा भ्रम होऊ शकतो. भूल, दुखणं, औषधं, जंतुसंसर्ग, मोडलेली झोप असं काहीही कारण असतं, आणि बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो. मात्र ‘म्हातारपण आहे, बरळतायत’ म्हणून गप्प बसायचं नाही. लगेच सिस्टरना सांगायचं, कारण मुळाशी काय आहे ते शोधावं लागतं. आपल्या हातात एवढंच असतं: चष्मा, कवळी, कानाचं यंत्र उशाशी न ठेवता अंगावर चढवायचं. दिवसा खिडकी उघडी, रात्री मंद दिवा. समोर घड्याळ. माणसं सारखी बदलायची नाहीत. आणि वाद घालायचा नाही. “पायजमा झाला, नाडी तेवढी घालायचीय,” असं मी म्हटल्यावर ते आडवे झाले. पाचव्या दिवशी सगळं उतरलं. पण त्यांना अर्धवट आठवत होतं आणि त्याची लाज वाटत होती. तेव्हा ते थट्टेनं सांगण्याआधी नीट समजावून सांगा की हे वेड नव्हतं.

पिशवी कोण बदलणार

आता मुख्य गोष्ट. घरी आल्यावर पहिल्या दोन वेळा पिशवी मीच बदलली. मी बदलायची आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला वाटायचं मी सेवा करतेय. खरं म्हणजे मी त्यांना तान्हं बाळ करून टाकलं होतं. आयुष्यभर ज्या माणसानं कुणाला आपला गंजिफ्रॉकही धुवू दिला नाही, त्याची घाण मी पुसत होते आणि वर ‘त्यात काय एवढं’ म्हणत होते. त्यांच्या दृष्टीनं त्यात पुष्कळ होतं.

ते भोक वाकडं कापलं गेलं त्या दिवसापासून कात्री त्यांच्याकडे गेली. चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. जास्त मोठं झालं तर कातडीला मळ लागून ती सोलवटते, लहान झालं तर काचतं. शिवाय पहिले सहा-आठ आठवडे सूज उतरत जाते तसा स्टोमा लहान होतो, म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. हे ऐकल्यावर मास्तरांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी गिऱ्हाइकासमोरचा भाव आला. वहीत तारीख घालून त्यांनी माप लिहिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा. “दोन मिलीनं आत आलंय,” असं सांगायचे, जशी कुणाची कंबर उतरली असावी.

तुमच्याकडचा माणूस शिंपी नसेल. पण पद्धत अशी ठेवा. पहिल्या वेळी त्यांनी फक्त बघायचं. बघवत नसेल तर हातात कापूस धरायचा. दुसऱ्या वेळी जुनी चकती त्यांनी सोडवायची. मग माप, मग कापणं, शेवटी चिकटवणं. एका दमात सगळं शिकवायला जाऊ नका. सकाळी खाण्याआधी करा, तेव्हा पोट शांत असतं. दार लावा. नातवंडं, मोलकरीण, ‘काय चाललंय’ करत डोकावणारा दीर, सगळे बाहेर. साध्या पाण्यानं पुसून कोरडं करा. तेल, पावडर, वासाचा साबण नको, त्यावर चकती धरत नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. ती फुगून जड होईतो थांबलं की ओढ बसून चकती सुटते.

पहिल्यांदा बघताना घाबरायला होतं, म्हणून आधीच सांगून ठेवा: स्टोमा लालभडक आणि ओलसर असतो, ओठाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला दुखण्याची जाणीव नसते. पुसताना थोडं रक्त लागलं तर चालतं. पण तो काळानिळा दिसला, किंवा खूप रक्त आलं, तर पिशवी-बिशवी बाजूला ठेवून तडक डॉक्टरांना फोन.

आणि फुटणार. एकदा तरी पिशवी फुटणारच. आमची रात्री अडीचला फुटली, चादर, गादी, सगळं. मास्तर अंधारात बसून रडले. लग्नाला 46 वर्षं झाली होती, रडताना मी त्यांना त्यांची आई गेली तेव्हाच पाहिलं होतं. मी काही बोलले नाही. बोलायला जीभच वळली नाही म्हणा. पाणी तापवलं, ते अंघोळीला गेले, मी गादी पालथी केली, मग दोघांनी चहा घेतला. तेव्हापासून गादीवर मेणकापड, त्यावर जुनं लुगडं आणि उशाशी एक तयार डबा, त्यात कापून ठेवलेली चकती, पिशवी, पाण्याची बाटली, मऊ कापड, रद्दी, एक प्लॅस्टिकची पिशवी. रात्री डबा हाताशी आहे हे कळल्यावर त्यांची झोप सुधारली. गोळीपेक्षा डबा लागू पडला.

“मला लागलीय”

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मास्तर भल्या पहाटे उठून संडासात जाऊन बसायचे. दार लावून, दहा-दहा मिनिटं. मी विचारलं तर चिडायचे. एक दिवस हळूच म्हणाले, “अगं, मला लागते. जागा नाही, तरी लागते. मला वेड लागत चाललंय का?”

वेड नाही. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाला खाज सुटते, तसंच हे. भाग काढला तरी तिथून निरोप नेणाऱ्या शिरा थोड्याफार उरतात आणि जुना निरोप देत राहतात. हे ऑपरेशन झालेल्या पुष्कळ जणांना असं होतं, फक्त बोलत कुणी नाही. आम्हाला स्टोमाच्या सिस्टरनी सांगितलं की बसावंसं वाटलं तर दोन-चार मिनिटं बसा, कुंथू नका, उठा. हळूहळू कमी होतं. तिथे दुखणं वाढलं, पाणी झिरपायला लागलं, ताप आला तर मात्र दाखवायचं. स्तन काढलेल्या बायकांनाही तिथे मुंग्या, खाज, जडपणा जाणवतो. विचारा त्यांना. ‘असं कधी वाटतं का हो?’ एवढं आपण विचारलं की समोरच्या माणसाचा अर्धा भार उतरतो, कारण त्याला वाटत असतं की जगात हे फक्त मलाच होतंय.

बसण्याचंही सांगते. खालची जखम भरेपर्यंत मांडी घालून बसता येत नाही. मऊ फोमची उशी घ्या. मधे भोक असलेली गोल उशी मेडिकलवाला हौसेनं देतो, ती नको, तिनं टाके ताणले जातात. मांडी न घालता येणं ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. पंगत, पूजा, भजन, नातवाला मांडीवर घेणं, सगळंच सुटतं. पहिले काही आठवडे जड उचलायलाही बंदी, नाहीतर स्टोमाच्या बाजूनं हर्निया होऊ शकतो. नातू धावत आला की आजोबा मागे सरायचे, आणि पोराला वाटायचं आजोबा रागावलेत. म्हणून पोरांना सांगा. सात वर्षांच्या नातवाला आम्ही सांगितलं, “आजोबांच्या पोटावर आता शीची पिशवी आहे.” तो म्हणाला, “मग त्यांना शाळेत मधेच बाई परवानगी देत नाहीत ते टेन्शन नाही.” मास्तर मोठ्यांदा हसले.

बघायला येणारे

यांच्यावर वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात आटपते. येणारा माणूस प्रेमानंच येतो आणि बसल्या बसल्या सांगतो, “आमच्या साडूलाही हेच होतं, सहा महिन्यांत गेला.” मी दोन गोष्टी केल्या. वेळ ठरवली, संध्याकाळी पाच ते सहा, आणि खुर्ची एकच ठेवली. दुसरं, दारातच सांगायचं, “आजाराचं काही विचारू नका, कापडाचं विचारा.” लोक ऐकतात. पाहुण्यांना काय बोलावं ते माहीत नसतं, म्हणून ते मेलेल्यांच्या गोष्टी सांगतात. विषय हातात दिला की सुटतात.

‘काही होत नाही’, ‘सकारात्मक राहा’, ‘तुम्ही तर वाघ आहात’ ही वाक्यं मीही पुष्कळ म्हटली. ती ऐकून माणूस गप्प होतो, कारण पुढं बोलायला जागाच उरत नाही. ‘आज काय जड जातंय?’ असं विचारून बघा. आणि उत्तर आलं की लगेच तोडगा सुचवू नका. जरा वेळ नुसतं बसा.

सोवळं

मास्तर रोज पूजा करायचे. घरी आल्यापासून देवघराच्या उंबऱ्याशी जाईनात. एकादशीचं भजनही बंद. म्हणायचे काही नाहीत. मला कळत होतं, पण मी सांगून पटणार नव्हतं, बायकोचं ऐकून कुणाचं सोवळं सुटलंय? मग मी भजनी मंडळाच्या बुवांना जाऊन सगळं सांगितलं. बुवा आले, चहा प्यायले, आणि म्हणाले, “मास्तर, आमच्या पोटात आहे ते तुमच्या पोटावर आहे, एवढाच फरक. सोवळं नेसताना आम्ही काय पोट घरी ठेवून येतो?”

तुमच्याकडे बुवांच्या जागी मशिदीतले मौलवी असतील, चर्चमधले फादर असतील, विहारातले भंतेजी असतील, नाहीतर सकाळी फिरायच्या कट्ट्यावरचा जुना मित्र असेल. ज्याच्या शब्दाला त्या माणसाच्या मनात वजन आहे, त्याच्याकडून ते शब्द यायला हवेत. आपण निरोप पोचवायचा आणि स्वयंपाकघरात जायचं. मंडळानं मास्तरांसाठी भिंतीशी एक खुर्ची ठेवली. पूर्वी पखवाज त्यांच्याकडे असायचा. आता टाळ.

आणखी एक माणूस फार उपयोगी पडला. सिस्टरनी, त्यांना विचारूनच, कराडकडच्या एका निवृत्त शिक्षकांचा नंबर दिला. सहा वर्षं पिशवी लावून फिरणारे गृहस्थ. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, “काय मास्तर, रात्रीची फुटली का एकदा?” चाळीस मिनिटं बोलणं चाललं होतं. त्यातलं मला फार कळलं नाही, पण फोन ठेवल्यावर मास्तरांनी भाकरी मागून घेतली. असा माणूस शोधा. ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे विचारा. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही पिशवीवाल्यांसाठीच काम करणारी संस्था आहे. ह्या आजारातून गेलेल्याचा एक फोन आपल्या शंभर उपदेशांना भारी आहे.

कात्री देऊन टाकली तेव्हा

हे लिहायला मला जड जातंय.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे पूर्वी रात्र रात्र मशीन चालायची. त्या वर्षी दुकानाला कुलूप. केमोच्या गोळ्या चालू होत्या, तळहात सोललेले, सुई धरवत नव्हती. मला वाटलं मास्तर थकलेत. खाणं कमी, पहाटे तीनला जाग, वर्तमानपत्राची घडीही न उघडलेली. दाढी चार-चार दिवस नाही. विचारलं तर, “तोंडाला चव नाही, अंग मोडून आलंय.” म्हातारी माणसं ‘मी उदास आहे’ असं म्हणत नाहीत. ती म्हणतात चव नाही, झोप नाही, गुडघे दुखतात.

मग एक दिवस त्यांचा जुना कारागीर आला आणि जाताना त्याच्या पिशवीत मास्तरांची मोठी कात्री. बापाच्या वेळची, पितळी दांड्यांची. तिनं मला चाळीस वर्षांत कागद कापू दिला नव्हता. “मला काय करायचीय आता,” म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला. जिवापाड जपलेली वस्तू माणूस असा अचानक देऊन टाकतो तेव्हा दुर्लक्ष करायचं नाही.

रात्री मी सरळ विचारलं. “अहो, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?” विचारल्यानं ते मनात भरतं अशी भीती असते, ती खोटी आहे. विचारलं की बोलता येतं. मास्तर बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “करावं असं नाही. पण सकाळी जाग नाही आली तर बरं, असं वाटतं.”

तुमच्या घरी असं काही ऐकू आलं तर सकाळची वाट बघत बसू नका. माणसाला एकटं ठेवू नका. घरात फवारणीचं औषध असेल, उरलेल्या गोळ्यांचे पत्ते असतील, ते आधी हलवा. भारत सरकारची टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा आहे, नंबर 14416, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलतात. आम्ही त्याच रात्री लावला. ज्येष्ठांसाठी 14567 ही एल्डरलाइनही आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. आणि जिवाला लगेच धोका दिसत असेल तर फोन करत न बसता थेट जवळचा दवाखाना.

एवढं टोकाचं नसलं तरी एक खूणगाठ बांधा. दोन आठवडे, बहुतेक दिवस, कशातच मन नाही, किंवा सतत हताश, उदास, असं असेल तर ते ऑपरेशनचं थकणं म्हणून सोडून देऊ नका. कॅन्सरच्या डॉक्टरांनाच आधी सांगा. रक्त कमी असणं, थायरॉईड, न सांगितलेलं दुखणं यांनीही असंच दिसतं, ते तपासावं लागतं. आमच्या डॉक्टरांनी मानसोपचारवाल्यांकडे पाठवलं. मास्तर म्हणाले, “मी वेडा आहे का?” मी म्हटलं, “शिवण उसवली की शिंप्याकडे जातात. कापड वेडं असतं का?” हे मला आयुष्यात सुचलेलं सगळ्यात चांगलं वाक्य, एरवी मला असलं काही सुचत नाही.

गोळी चालू झाली. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नाही, तेव्हा मास्तर ती बंद करायला निघाले होते. ही औषधं लागू पडायला काही आठवडे लागतात आणि आपल्या मनानं सोडायची नसतात. वयस्कांत काहींचं सोडियम उतरतं, म्हणून रक्त तपासायला लावतात, तो कंटाळा करू नका. मेडिकलमधून झोपेची गोळी परस्पर आणू नका. रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडलं की दुसरं ऑपरेशन.

गोळीबरोबर मी कामही वाढवलं. मुलानं पायमशीनला मोटर बसवून दिली. पहिलं काम नेफ्याचं: पायजम्याची नाडी स्टोमावर येत होती, तो नेफा मास्तरांनी उसवून चार बोटं वर घेतला. मग पिशवीला कापडी खोळ, प्लॅस्टिक अंगाला चिकटून घामोळं येत होतं म्हणून. जुन्या मऊ मलमलीची, मागून फट ठेवलेली, रिकामी करताना काढावी लागू नये अशी. एका खोळीला तीन दिवस लागले. उसवली, परत शिवली. मी घाई केली नाही. पंधराव्या-विसाव्या दिवशी एका सकाळी मशीनचा आवाज आला आणि त्याबरोबर गुणगुणणंही. कारागीर कात्री घेऊन आला, म्हणाला, “धार लावायला नेली होती मास्तर.” दोघांपैकी कुणीच पुढं काही बोललं नाही.

तुमचं काय

सांभाळणारीच्या मनाचं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. मी नळ सोडून बाथरूममध्ये रडायची. एकदा पिशवी चिकटेना तेव्हा मी ओरडले त्यांच्यावर, नंतर रात्रभर झोप नाही. मग नणंदेला सांगितलं, आठवड्यातली एक दुपार तू ये. त्या दुपारी मी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायची, किंवा नुसतीच भाजी आणायला वेळ लावायची. मदत ‘लागेल तेव्हा सांगते’ म्हणून मिळत नाही. वार आणि वेळ ठरवून मागावी.

आणि एक, जरा संकोचानं. मी बरेच दिवस वेगळी झोपले, पिशवीला धक्का लागेल म्हणून. त्यांना वाटलं वास येतो म्हणून. दोघंही बोललो नाही, तीन महिने. त्या भागातल्या ऑपरेशननं पुरुषाच्या शिरांना इजा होऊ शकते, इतरही अडचणी येतात, आणि म्हाताऱ्या जोडप्याला डॉक्टर आपणहून विचारत नाहीत. तुम्ही विचारा, उपाय असतात. काही नसेना का, हात हातात घेऊन झोपायला पिशवी आड येत नाही. मी ती उलट्या बाजूला यावी म्हणून पलंगावरची माझी जागा बदलली, बस.

परवा पुन्हा पुण्याला जायचंय, दर तीन महिन्यांची तपासणी. ह्या तपासणीच्या आधीचा आठवडा कुठल्याही घरी असाच जातो: माणूस चिडतो, जेवत नाही, उगाच कपाट आवरतो. त्यात समजूत घालायला जाऊ नये. मास्तर कालपासून कराडच्या गुरुजींसाठी खोळी शिवतायत. सकाळी फोन लावून विचारत होते, “डावीकडे आहे की उजवीकडे? आणि घेर किती?” एसटीला आता आम्हा दोघांनाही अर्धं तिकीट पडतं. फाइल पिशवीत भरलीय, तयार डबा भरलाय, त्यात कापलेल्या चकत्या दोन. मी कापलेली एक होती, ती त्यांनी बाहेर काढून ठेवली.